पाचवं कारण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत माझ्या लिंबाची एकोणीस पानं गळली. सकाळी सहाला चहा ठेवायला खाली उतरले, तर काचेच्या दारापाशी फरशीवर कुंडीभोवती ती पडलेली होती. पिवळी पडलेली नव्हती, वाळलेली नव्हती, कडाही करपल्या नव्हत्या. आदल्या दिवशी पुसून ठेवल्यासारखी हिरवीगार, तकतकीत. झाडावर मात्र एकोणीस देठ तसेच होते. लिंबूवर्गातल्या पानाला दोन सांधे असतात. एक देठ फांदीला मिळतो तिथे, दुसरा देठ पानाला मिळतो तिथे. पिकलेलं पान बहुधा देठासकट गळतं. झाडाला पाणी एकाएकी पुरेनासं झालं की ते वरच्या सांध्यातून पान सोडतं आणि देठ धरून ठेवतं. वरुड तालुक्यात संत्र्याच्या बागेत वाढलेल्या पोरीला हे कोणी शिकवावं लागत नाही. मला ते ठाऊक होतं. तरी फरशीवर बसून पानं गोळा करताना तोंडून निघालं ते एवढंच: माझं काय चुकलं?

बाहेर उणे सव्वीस होतं.

झाडाला काय झालं, हा एक प्रश्न. माझं काय चुकलं, हा दुसरा. आपण दुसरा इतक्या चटकन विचारतो की पहिला विचारायचाच राहून जातो. मी गेली तेवीस वर्षं मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहते आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. एखादं उपकरण बिघडून परत आलं की ते का बिघडलं हे शोधणं हा माझा रोजचा उद्योग. तिथे पहिला प्रश्न सोडून दुसऱ्यावर उडी मारली तर मला कोणी नोकरीवर ठेवणार नाही. घरी, एका झाडापुढे, मी तेच केलं. त्याचा विचार मी तेव्हापासून करते आहे, आणि तो झाडापुरता राहिलेला नाही.

हे झाड बाबांनी घ्यायला लावलेलं. २०१४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते, तेव्हा त्यांना इथल्या रोपवाटिकेत घेऊन गेले. एका कोपऱ्यात कुंड्यांमधून लिंबाची झाडं ओळीनं लावलेली. ज्या गावात पाच महिने जमीन गोठलेली असते तिथे लिंबू, याचंच बाबांना नवल. त्यांनी एक पान तोडलं, अंगठा आणि बोटामध्ये चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि मग माझ्या नाकाशी धरलं. "ना धड लिंबू, ना धड संत्रा," म्हणाले. त्यांचं नाक बरोबर होतं. मेयर लिंबू हे महाळुंग आणि संत्रा-पपनस कुळातल्या झाडाचा संकर आहे. चीनमध्ये ते शोभेसाठी कुंडीतच वाढवत. फ्रँक मेयर नावाच्या वनस्पती-संशोधकानं १९०८ मध्ये ते तिथून अमेरिकेत आणलं, म्हणून हे नाव. बाबा म्हणाले, "घेऊन टाक. घरात झाड असलं म्हणजे माणसाले रोज एकदा दुसऱ्याची चौकशी करा लागते."

उन्हाळ्यात ते मागच्या लाकडी ओट्यावर असायचं, सप्टेंबर संपता संपता आत यायचं. आठ हिवाळे असे निघाले. नवव्या हिवाळ्यात ही पानं गळली.

त्या सकाळनंतर मी जे केलं ते अपराधी माणसं करतात तसंच. सगळं एकदम केलं. आधी भरपूर पाणी घातलं. खत घातलं. पानं धुतली. कुंडी काचेपासून हलवली, मग उजेड कमी पडेल म्हणून परत तिथेच आणली. भिंग घेऊन प्रत्येक पानाची पाठ पाहिली. मधल्या शिरेला चिकटून तपकिरी टोपीसारख्या चार खवले किडी सापडल्या, त्या नखानं काढल्या आणि हाच तो चोर म्हणून सुटल्यासारखं वाटलं. चार किडींनी एकोणीस पानं पडत नाहीत. आणखी सात गळली.

शेवटी आईला फोन लावला. ती वरुडलाच असते, भावाकडे. मी कॅमेरा झाडावर धरला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी देनं बंद कर वो पोरी. अन् काढून पाय मुळ्या. वरून काय पायतं?"

स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरली आणि झाड कुंडीतून काढलं. बाहेरच्या नक्षीच्या कुंडीला भोक नव्हतं आणि तळाशी चार बोटं पाणी साचलेलं होतं. आतल्या कुंडीची खालची माती त्याच पाण्यात कधीपासून उभी होती कोण जाणे. गटाराजवळ येतो तसा आंबूस वास आला. बाजूची मुळं पिवळसर, घट्ट, टोकाला पांढरी. ती चांगली होती. खालची काळपट. एक मूळ मी चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखी एक शीर उरली. बागेतल्या मूळकुजीत अगदी हेच दिसतं. बाबा अशी मुळं आम्हा भावंडांना दाखवायचे आणि मग खोडाला बोर्डो पेस्ट लावायला घ्यायचे. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर.

पण मूळकूज आठवड्याभरात होत नाही आणि पानं एका रात्रीत गळली होती. तेव्हा मी स्वयंपाकातला तापमापक उरलेल्या मातीत खुपसला. अकरा अंश. खोलीतली हवा वीस अंश आणि माती अकरा, कारण कुंडी काचेच्या दाराशी, सिमेंटच्या जमिनीवरच्या फरशीवर टेकलेली होती. माती साधारण तेरा अंशांच्या खाली गेली की लिंबूवर्गातली मुळं काम जवळजवळ थांबवतात. त्या आठवड्यात दोन दिवस आकाश निरभ्र होतं आणि काचेतून ऊन पानांवर पडत होतं. पानं तापली, पाणी मागू लागली, आणि खाली झोपलेल्या मुळांना ते देता येईना. वर दिवस, खाली रात्र. अशा वेळी झाडापुढे एकच मार्ग उरतो, मागणारी तोंडं कमी करणं.

शिवाय पाणी. आमच्याकडचं विहिरीचं पाणी जड आहे, म्हणून घरात ते मिठाच्या साहाय्यानं हलकं करणारं यंत्र आहे. ते चुना काढून घेतं आणि बदल्यात सोडियम देतं. माणसांच्या अंघोळीला चांगलं, कुंडीला वाईट. उन्हाळ्यात मी बाहेरच्या नळाचं पाणी घालते, तो नळ यंत्राच्या आधी आहे. हिवाळ्यात तो बंद असतो.

म्हणजे साचलेलं पाणी, गार फरशी, मिठाचं पाणी, काचेमागचं ऊन, आणि मी.

आमच्या कामात जपानच्या काओरू इशिकावांच्या नावानं ओळखली जाणारी एक आकृती काढतात. माशाच्या काट्यासारखी. डोकं म्हणजे बिघाड, आणि मधल्या काट्याला येऊन मिळणाऱ्या फासळ्या म्हणजे माणूस, यंत्र, माल, पद्धत, मोजमाप, परिसर. नव्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात एक नियम सांगते: "कामगाराची चूक" असं लिहून अहवाल पाठवाल तर मी तो परत पाठवीन. कामगार चुकला असेलही. पण त्याला चुकता आलं ते कशामुळे? दोन वेगवेगळ्या नळ्यांची तोंडं एकसारखी का होती? रात्रपाळीत दिवा अंधुक का होता? माणसावर बोट ठेवलं की चौकशी थांबते आणि तोच बिघाड पुन्हा होतो. वीस वर्षं मी हे दुसऱ्यांना शिकवते आहे. स्वतःच्या झाडाचा अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा एका ओळीत लिहून मोकळी झाले: माझी चूक.

बाबांची "गीताई" माझ्याकडे आहे. विनोबांची ती छोटी, खिशात मावणारी. बागेतल्या खोपडीत, खिळ्याला टांगलेल्या पिशवीत ती असायची, आणि तिच्या पानांना अजून मोरचुदाचे निळसर डाग आहेत. अठराव्या अध्यायात एका जागी पेन्सिलीची उभी रेघ आहे. तिथे कृष्ण अर्जुनाला सांगतो की माणूस शरीरानं, वाचेनं, मनानं जे जे करतो, ते बरं असो वा वाईट, त्याला पाच कारणं असतात: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला दिसत नाही.

हे मी कित्येकदा वाचलेलं होतं, आणि दर वेळी यशाच्या बाजूनं वाचलं होतं. मीच केलं म्हणून फुगू नकोस, एवढाच अर्थ मला लागायचा. बाग फुलली तर मी फुलवली म्हणू नको. गीता मात्र तिथेच, स्पष्ट शब्दांत, उलट्या कर्मालाही तीच पाच कारणं लावते. म्हणजे बाग जळाली तर मीच जाळली असंही म्हणू नको. माझ्यामुळेच झालं म्हणून ऊर बडवणारा आणि माझ्यामुळेच झालं म्हणून मिशीला पीळ देणारा, दोघांची दृष्टी एकच. दोघांनाही जगात आपल्याशिवाय कोणी करणारं दिसत नाही. आपण पहिल्याला नम्र म्हणतो आणि दुसऱ्याला गर्विष्ठ. मला आता तसं वाटत नाही.

पाचवं कारण दैव. आपल्या बोलण्यात दैव म्हणजे नशीब, कपाळावरची रेघ. जिथे समजलं नाही तिथे भरायचा शब्द. शंकराचार्यांच्या भाष्यात दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता. डोळ्याची देवता सूर्य. डोळा शाबूत असला, पाहणारा जागा असला, तरी सूर्य नसेल तर दिसत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. माझ्या झाडाचं पाचवं कारण अक्षरशः हेच होतं. २१ डिसेंबरला इथे दिवस पावणेनऊ तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम एकवीस-बावीस अंश वर येतो. वरुडला त्याच दुपारी तो पंचेचाळीस अंशांवर असतो आणि दिवस पावणेअकरा तासांचा. आमच्याकडे कलम करण्याला डोळा भरणं म्हणतात. खुंटावर साल चिरून त्यात दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा. माझ्या लिंबाचा डोळाही असाच कोणीतरी कुठेतरी भरलेला, आणि त्या डोळ्याचा देव इथे वर्षातले चार महिने अर्ध्यावर येऊन परत जातो. यात माझी चूक कुठे शोधायची?

टीकाकार अधिष्ठान म्हणजे देह असं सांगतात. मी कुंडी म्हणते आहे, हे मला माहीत आहे. विद्वानांनी क्षमा करावी. बाबांनी रेघ ओढली ती खोपडीत बसून ओढली, आणि त्यांना अधिष्ठान म्हटल्यावर देहाआधी जमीनच आठवली असणार असं मला वाटतं.

त्या जमिनीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चार एकर, साडेचारशे झाडं, जंबेरीच्या खुंटावरचा नागपुरी संत्रा, कलमा शेंदूरजना घाटच्या. संत्र्याच्या शेतीतलं सगळ्यात अवघड काम म्हणजे ताण देणं. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं. झाड तहानेलं करायचं. पानं मलूल होतात, काही गळतात, वाढ थांबते, आणि फांदीत साठलेलं बळ फुलाकडे वळतं. मग जानेवारीच्या मध्यावर ताण तोडून पाणी सोडलं की बागेत पांढरा सडा पडावा तशी फुलं येतात आणि वास रस्त्यापर्यंत जातो. किती दिवस ताण द्यायचा हे पुस्तकात आहे, पण पुस्तक तुमची जमीन पाहत नाही. भारी जमिनीत जास्त, हलकीत कमी. बाबा रोज पहाटे बागेत जायचे आणि झाडांच्या पानांना हात लावून पाहायचे. मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं होतं, झाडाला दुखत नाही का? ते म्हणाले, "दुखते. म्हणून तं रोज पाहा लागते."

पाणी तोडण्याची एकच क्रिया एका ठिकाणी फूल आणते, दुसऱ्या ठिकाणी झाड मारते. पाणी देण्याचंही तसंच. माझ्या कुंडीत मी प्रेमानं घातलेलं पाणी तळाशी कुजत होतं. कर्म चांगलं की वाईट हे नुसत्या कर्माकडे पाहून सांगता येत नाही, बाकीची चार कारणं शेजारी मांडावी लागतात.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमची बाग वाळली. आमची एकट्यांचीच नाही. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड, सगळीकडे लोकांनी डोळ्यांदेखत झाडं जाताना पाहिली. मे महिन्यात भावानं फोटो पाठवला, उभी साडेचारशे झाडं, एकावरही हिरवं पान नाही. पुढे ती तोडून सरपणाच्या भावानं विकली. बाबांनी त्या हंगामात ताण चार-पाच दिवस जास्त दिला होता आणि शेवटपर्यंत ते एकच वाक्य धरून बसले: "माह्यंच चुकलं. ताण जास्त झाला." मी फोनवर सांगायचे, बाबा, अख्ख्या तालुक्याची झाडं गेली, सगळ्यांचा ताण थोडाच जास्त झाला? ते ऐकायचे, हो म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दोन वर्षांनी ते गेले. ज्या माणसानं त्या ओळींशेजारी रेघ ओढली होती, त्यालाच त्या ओळी उपयोगी पडल्या नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. आजही वाटतं.

आणि मी? मी म्हणत राहिले, तिथे असते तर.

आता जे लिहायचं आहे ते जड आहे. पाच कारणांचा हिशेब मी झाडापाशी मांडला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तोच हिशेब वरुडच्या बागेला लावला तेव्हा तसं वाटलं नाही. विहीर आटल्यावर बाबांनी दोन बोअर मारल्या होत्या. २०१८ मध्ये तिसरी मारली, नऊशे फूट. तिचे पैसे मी पाठवले. वाढदिवसाला भेट द्यावी तशा आनंदानं पाठवले. चार महिने बोटभर धार आली, मग नुसती धूळ. वरुड तालुक्यात जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी कित्येक वर्षं उपसलं जात होतं, भूजलाच्या सरकारी नोंदीत तालुका अतिशोषित म्हणून लागलेला होता. आमच्या बांधाला लागून असलेल्या काकांची खोदलेली विहीर आमच्या तिसऱ्या बोअरनंतरच्या उन्हाळ्यात कोरडी पडली. तीच कारण होती का? तेवढी एकच नव्हती. तिच्यासारख्या हजारो होत्या, आणि त्यातली एक माझी होती.

मेयर लिंबाच्या इतिहासात एक गोष्ट आहे. सुरुवातीची जी झाडं अमेरिकेत पसरली त्यांच्यात ट्रिस्टेझा नावाच्या विषाणूची लागण होती. स्वतः ती झाडं धडधाकट, पानं तुकतुकीत, फळं भरपूर. रोग दिसायचा तो आसपासच्या संत्री-मोसंबीत. शेवटी विषाणूमुक्त वाण शोधून १९७५ मध्ये तो लागवडीला दिला आणि जुनी झाडं काढून टाकली. माझे पैसे मला तसे वाटतात. माझ्यात काही लक्षण नव्हतं. मी चांगली मुलगी होते.

तेव्हा पाच कारणं म्हणजे सुटकेचा कागद नव्हे. जिथे मी सगळा दोष अंगावर घेऊन बसले होते तिथे माझा हात थोडाच होता. आणि जिथे माझा काही संबंधच नाही, मी तर हजारो मैलांवर, असं मला वाटत होतं, तिथे माझा हात निघाला.

आमची पाच-सहा घरं दर शनिवारी सकाळी मिळून गीता वाचतात. हा अध्याय आला तेव्हा मी झाडाची आणि बागेची दोन्ही हकिगत सांगितली. त्यावर एका तरुणानं विचारलं, ताई, मग बायकोवर हात उगारणारा नवराही म्हणेल, पाच कारणं आहेत, मी त्यातलं एक. त्याचा दोष पाचव्या हिश्शाचा का? प्रश्न रास्त होता आणि मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तो डोक्यात राहिला. मला जे उमजलं ते असं की आपण पाच कारणांची बेरीज करतो, तिथे घोळ होतो. पाच भागीदार, प्रत्येकी एक वाटा, असं ते नाही. तो गुणाकार आहे. पाचांपैकी एक शून्य झालं तर सगळं शून्य. माती, साधनं, क्रिया, सूर्य सगळं असून हात उठला नाही तर कर्म घडत नाही. त्या नवऱ्याचा हात पाचवा हिस्सा नाही, त्याच्या बाजूनं तो पुरता आहे. बाकीची चार कारणं त्याचं ओझं हलकं करत नाहीत. ती एवढंच सांगतात की त्याला तुरुंगात घातल्यावर काम संपलं असं समजू नका, त्या घरात, त्या गावात हात उठायला जे जे मदत करत होतं ते अजून तसंच आहे. मी पुढच्या शनिवारी हे सांगितलं. त्याचं पुरतं समाधान झालं असं वाटलं नाही. माझंही सगळं झालेलं नाही, कारण लहान मूल आजारी पडून जातं तेव्हा हा गुणाकार आईपुढे कसा मांडायचा हे मला सांगता येत नाही. तिथे बहुधा शेजारी बसावं.

कर्ता या शब्दापाशी मी आणखी एकदा अडखळले. पानं गाळण्याच्या त्या कर्माचा कर्ता कोण? इतके दिवस मी धरून चालले होते की मी. पण पानं मी गाळली नव्हती, झाडानं गाळली होती. त्यानं आपली शिल्लक पाहिली, खर्च पाहिला आणि एकोणीस पानं सोडली, पुढे आणखी सात. देठ धरून ठेवले. ते त्याचं कर्म होतं, जगण्यासाठी केलेलं. मी त्याला माझ्या चुकीचा पुरावा म्हणून पाहत राहिले आणि ते स्वतः काही करत आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बाबांचंही मी हेच केलं होतं. मी तिथे असते तर, या वाक्यात बाबा कुठे आहेत? चाळीस वर्षं ज्यानं साडेचारशे झाडांना ताण दिला आणि तोडला, विहिरी खणल्या, कर्ज घेतलं, फेडलं, दोन मुलं शिकवली, त्या माणसाला मी माझ्या अनुपस्थितीचा परिणाम करून टाकलं होतं. त्यांना कुंडीत लावलं होतं. बोअर मारायची हे त्यांनी ठरवलं होतं. मी पैसे पाठवले हे माझं कर्म आणि त्यांनी मारली हे त्यांचं. दोन्ही खरी. एकानं दुसरं पुसलं जात नाही. त्यांच्या हातून चूक झाली असेल तर ती त्यांची म्हणून राहू देणं हाही त्यांचा मान ठेवणंच आहे, असं मला आता वाटतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग? तुह्या बापाले कोनी सांगून आयकवलं का कधी?"

झाडासाठी जे करायचं ते केलं, या वेळी एकेक करून. काळी मुळं स्वच्छ कात्रीनं छाटली. लहान कुंडी घेतली, कारण मुळं कमी झाल्यावर मोठ्या कुंडीतली माती ओलीच राहते. झाडाच्या सालीचे तुकडे आणि परलाइट घातलेली मोकळी माती भरली, आणि डोळ्याची जागा मातीच्या चांगली वर ठेवली. नक्षीची कुंडी काढून टाकली. लाकडी चौरंगावर ठेवून खाली रोपांसाठी मिळते ती उबदार चटई घातली. तापमापक मातीत कायमचा. वर दिवा, रोज बारा तास. पाणी तळघरातल्या, यंत्राच्या आधीच्या नळाचं, तेही कुंडी दोन्ही हातांनी उचलून हलकी लागली तरच. उरलेले देठ हळूहळू पिवळे होऊन आपोआप पडले. फेब्रुवारीच्या अखेरीला झाडावर अकरा पानं होती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस-रात्र सारखे झाले त्या सुमाराला, खोडावर हिरवा कोंब दिसला. मी भिंग आणलं. कोंब डोळ्याच्या खालून निघाला होता, जोमदार, तीन-तीन पानांचा, काट्यांसकट. ते लिंबू नव्हतं. खाली खुंट म्हणून वापरलेल्या, थंडीला न भिणाऱ्या त्रिदली संत्र्याचा तो फुटवा होता. बागेत असे कोंब बाबा चालता चालता काढून टाकायचे, नाहीतर खुंट वाढतो आणि कलम मरतं. पण वर काही जिवंतच नसेल तर? मग हा एकच जीव उरला होता आणि मी तोही काढायला निघाले होते. बराच वेळ तशीच उभी राहिले. मग डोळ्याच्या वर, जाड फांदीवर, नखानं तांदळाच्या दाण्याएवढी साल खरवडली. आत हिरवं होतं, ओलं.

मी खालचा कोंब अंगठ्यानं दाबून बाजूला मोडला. कोवळा होता, एका झटक्यात आला. बोटांत चुरगाळला गेला त्याचा वास ना धड लिंबू, ना धड संत्रा. तो नाकाशी धरून मी वरच्या खरवडलेल्या जागेकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि कुंडी उचलून वजन घेतलं. अजून जड होती. पाणी दिलं नाही.